पूर आला की कोणतं पान उघडायचं?

*ताई,*

*मी नागपूरला नंदनवनमध्ये राहतो. इंजिनिअरिंगपासूनचे आम्ही पाच मित्र दर शनिवारी मी तयार केलेला रोलप्लेइंग गेम खेळतो. बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत. कागद, फासे आणि बोलणं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, सूत्रधाराने प्रसंग सांगायचा, आणि पुढे काय होतं ते थोडं आपण ठरवायचं, थोडं फाशांनी. गोष्ट गोंड राजांच्या काळातल्या नागपूरची. जासूद, वैदू, लमाण, शिकारी अशी पात्रं आहेत. सूत्रधार कायम मीच असतो.*

*नियम गूगल डॉक्समध्ये लिहीत गेलो, ते आता ८६ पानं झालेत. त्यातली पहिली ४० पानं इतिहासाची. मागच्या शनिवारी खेळात नाग नदीला पूर आला, दोघं पाण्यात पडले आणि बुडण्याचा नियम शोधता शोधता खेळच थांबला. नियम तीन ठिकाणी सापडला, तिन्हीकडे वेगळा. एक मित्र वैतागून म्हणाला, 'सांग नं बे, मेलो का वाचलो?'*

*दिवाळीनंतर मी नोकरीसाठी पुण्याला चाललोय. बाकीच्यांना खेळ चालू ठेवायचा आहे, पण ते म्हणतात, हे पुस्तक वाचून तुझ्याशिवाय कोणालाच खेळता येणार नाही. सगळं अकारविल्हे लावू का? पात्रं आधी घेऊ की लढाई? सूत्रधाराचं पुस्तक वेगळं करू का? इतिहास कुठे टाकू? तो मला कापवत नाही. सोबत सगळी पानं पाठवतोय.*

*— एक वाचक, नंदनवन*

प्रिय मित्रा,

तुझी पानं वाचली. खेळ चांगला आहे. लमाणाच्या तांड्यातल्या बैलांना नावं द्यायची, बैल दगावला तर सगळ्या तांड्याचा धीर खचतो, हे वाचून मलाच खेळावंसं वाटलं. अडचण लिखाणाच्या मांडणीत आहे, आणि तिचं मूळ तुझ्या मित्रांनी अचूक पकडलं आहे. आजवर तुमच्यापैकी कोणी अडला की तो पुस्तक उघडायचा नाही, तुझ्याकडे बघायचा. त्यामुळे पुस्तकाला कधी उत्तर द्यावंच लागलं नाही. दिवाळीनंतर शनिवारी संध्याकाळी तुझी जागा रिकामी असेल. तेव्हा पुस्तकातला प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर घे: हा प्रश्न खेळताना कोणाला पडेल, कधी पडेल आणि तो कोणत्या शब्दांत विचारेल?

आत्ता तुझं पुस्तक तुला जसं सुचत गेलं तसं लागलेलं आहे. इतिहास आधी सुचला, म्हणून तो आधी आला. बुडण्याचा नियम नद्यांबद्दल लिहिताना एकदा आला, ओझ्याबद्दल लिहिताना पुन्हा आला, आणि कधीतरी खेळात पूर आला तेव्हा तिसऱ्यांदा. नियम लिहिणाऱ्या प्रत्येकाचं हेच होतं, अगदी हा खेळप्रकार ज्यांनी सुरू केला त्यांचंसुद्धा झालं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत आला तो एका खोक्यात, तीन छोट्या पुस्तिका घालून. त्या पुस्तिकांनी गृहीत धरलं होतं की वाचकाकडे 'चेनमेल' हे १९७१ चं लढायांच्या नियमांचं पुस्तक आधीच असणार. रानावनातल्या प्रवासासाठी तर दुसऱ्याच कंपनीच्या एका खेळाचा बोर्ड वापरा म्हणून सुचवलं होतं. लेखकांच्या टेबलावर बसून जे शिकले, त्यांचं काही अडलं नाही. बाकीच्यांनी अंदाजाने खेळ बसवला आणि गावोगावी वेगवेगळा खेळ झाला. नवख्यांना वाचून शिकता येईल असं पुस्तक १९७७ मध्ये निघालं. ते संपादित केलं एरिक होम्स यांनी. ते मेंदूविकारांचे डॉक्टर होते, वैद्यकीय प्राध्यापक होते, आणि मूळ कंपनीच्या बाहेरचे होते. बाहेरच्या माणसाला कुठे अडतं ते दिसतं, हे लक्षात ठेव. पुढे त्याचा उपयोग आहे.

आता मांडणी. नियमांचं पुस्तक दोन वेळा, दोन अगदी वेगळ्या मनःस्थितीत वाचलं जातं. एकदा घरी निवांत, खेळ समजून घ्यायला. आणि नंतर शेकडो वेळा खेळाच्या मध्यात, चार जण तोंडाकडे बघत असताना, एकच ओळ शोधायला. ही दोन्ही कामं एकाच मजकुराने करायला गेलास तर दोन्ही बिघडतात. शिकवताना गप्पा मारल्यासारखं लिहावं लागतं, उदाहरणं द्यावी लागतात, तीच गोष्ट दोनदा सांगावी लागते. शोधणाऱ्याला त्यातलं काहीच नको असतं.

म्हणून सुरुवातीची सात-आठ पानं फक्त शिकवण्यासाठी ठेव. फ्रँक मेंट्झर यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९८३ च्या आवृत्तीत असं केलं होतं की वाचक पहिल्या पानापासून एकट्यानेच एक छोटं साहस खेळायला लागतो, आणि खेळता खेळता नियम कळत जातात. तुला एवढं मोठं करायची गरज नाही. तुमच्या एखाद्या शनिवारचा दहा मिनिटांचा तुकडा संवादरूपात लिही. सूत्रधार काय म्हणाला, वैदूने काय करायचं ठरवलं, फासे किती पडले, मग काय झालं. तुमची भाषा तशीच राहू दे, 'अबे'सकट. ज्याने असा खेळ कधी पाहिलेला नाही, त्याला या दोन पानांतून जे कळेल ते व्याख्यांच्या दहा पानांतून कळणार नाही. त्यानंतर एका पानावर फासे टाकण्याचा मूळ नियम. नंतर पात्र कसं तयार करायचं ते. तू विचारलंस पात्रं आधी की लढाई. माझं मत आहे की मूळ नियमाचं ते एक पान या दोन्हींच्या आधी हवं. ताकद +२ म्हणजे काय, हे फासे कसे टाकायचे ते कळल्याशिवाय समजत नाही. आणि माणूस न समजताच पात्र निवडून मोकळा होतो.

तिथून पुढचं सगळं शोधण्यासाठी. ते अकारविल्हे लावू नकोस. तसं केलंस तर 'उपचार' पुस्तकाच्या सुरुवातीला जाईल आणि 'जखम' मध्यावर, आणि खेळात तर जखमेमागोमाग उपचारच लागतात. टेबलावर प्रसंग ज्या क्रमाने येतात तो क्रम धर: प्रवास, भेटीगाठी, लढाई, इजा आणि मरण, विश्रांती, मग पात्राची वाढ. एक प्रसंग समोरासमोरच्या दोन पानांत बसव. लढाई चालू असताना पान उलटावंच लागू नये, एवढं साधलंस तरी निम्मं काम झालं.

आता तुझा बुडण्याचा नियमच घेऊ. पाठवलेल्या पानांतलं त्याचं एक रूप असं आहे: 'पात्र पाण्यात असल्यास सर्वसाधारणपणे दम तपासावा, मात्र ओझे जास्त असल्यास त्यानुसार वजावट करावी. पुराच्या प्रसंगी सूत्रधाराने परिस्थितीनुसार निर्णय घ्यावा.' तू समोर असताना हे चालून जातं. तू नसताना यातून काय कळतं? गुडघाभर पाण्यातही तपासायचं का? एकदाच की दर पाळीला? जास्त म्हणजे किती, वजावट कितीची? हरल्यावर काय होतं? शिवाय तुझ्या पुस्तकात 'दम' एका ठिकाणी थकव्याचा साठा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी श्वास किती वेळ रोखता येतो तो आकडा. एका शब्दाला एकच काम दे. थकव्याला 'दम' राहू दे, पाण्याखाली 'श्वास' म्हण.

मी तो नियम असा लिहीन:

बुडणं
केव्हा: पाण्यात पाय टेकत नसतील तर, आपल्या प्रत्येक पाळीला.
फासे: सहा बाजूंचे दोन. बेरजेत ताकद मिळवा. पाठीवर ओझं असेल तर १ वजा. पूर असेल तर आणखी १ वजा.
८ किंवा वर: डोकं पाण्यावर राहतं आणि काठाकडे एक टप्पा सरकता येतं.
७ किंवा खाली: एक श्वास जातो.
श्वास संपले: पात्र बेशुद्ध. पुढच्या तीन पाळ्यांत कोणी बाहेर काढलं नाही तर मरण.
ओझं टाकून देणं: केव्हाही, पाळी न गमावता.
शुद्धीवर आणणं: पान १७.

आकडे माझे आहेत, तू तुझे घाल, पण घालताना गणित कर. दोन फाशांवर ८ किंवा वर ३६ पैकी १५ वेळा पडतं. ओझं आणि पूर दोन्ही असले तर साध्या ताकदीच्या पात्राला १० लागतात, आणि १० किंवा वर ३६ पैकी फक्त ६ वेळा, म्हणजे सहांत एकदा. हे लमाणाला पानावर स्पष्ट दिसलं की मिठाची गोणी सोडायची की धरून ठेवायची, हा खरा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. तुझ्या मूळ वाक्यांत हा पेच दडलेला होता, पण खेळणाऱ्याला तो कधी दिसलाच नसता. नियम नीट मांडला की खेळ रंगतो तो असा. मांडणीला नुसती टापटीप समजू नकोस, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

आणि नियम एकाच ठिकाणी. हे मात्र कडकपणे पाळ. नद्यांच्या पानावर 'बुडणं: पान १२' एवढंच, ओझ्याच्या पानावरही तेवढंच. नियम दोन ठिकाणी लिहिला की पुढच्या वेळी तू त्यातला एकच सुधारणार, आणि मित्र दुसरा वाचणार. पान क्रमांक हाताने टाकत बसू नकोस. मजकूर हलला की सगळे चुकतात. लिबरऑफिस फुकट मिळतं. त्यात असे संदर्भ टाकता येतात आणि ते अद्ययावत केले की पान क्रमांक बदलतात. शीर्षकांना नुसतं ठळक न करता शीर्षकाची शैली लाव, म्हणजे अनुक्रमणिकाही तयार होऊन मिळेल.

नियमांना क्रमांक द्यावेत असं माझं मत आहे. क्रिकेटचे नियम बघ. ४२ नियम आहेत आणि पायचीत ३६ व्या क्रमांकावर आहे. २०१७ मध्ये नियमांची फेररचना झाली. चेंडू हाताळल्याबद्दल बाद देण्याचा वेगळा नियम होता, तो क्षेत्ररक्षणात अडथळा आणण्याच्या नियमात विलीन केला. त्या भागातले काही क्रमांक सरकले, पण पायचीत ३६ व्याच क्रमांकावर राहिला. शब्दांच्या व्याख्या मागे एका परिशिष्टात एकत्र आहेत, त्यामुळे प्रत्येक नियम आटोपशीर राहतो. तूही प्रकरणांना दहा-दहाचे गट दे: प्रवास १० पासून, लढाई ३० पासून. मध्ये जागा मोकळी असली की नवा नियम घालताना जुने क्रमांक हलत नाहीत, आणि 'बत्तीस बघ' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

सूत्रधाराचं पुस्तक वेगळं कर, पण वाटणी करताना सांभाळ. १९७८ मध्ये त्याच अमेरिकी खेळाच्या प्रगत आवृत्तीचं खेळाडूंचं पुस्तक आलं आणि १९७९ मध्ये सूत्रधाराचं. वार लागला की नाही हे ठरवणारे तक्ते होते दुसऱ्या पुस्तकात. म्हणजे खेळाडूच्या हातात तलवार, आणि ती लागायला किती पडायला हवेत ते मात्र त्याच्या पुस्तकात नाही! काहींना अशी लपवालपवी आवडते. तुझ्या मित्रांना ती परवडणार नाही, कारण त्यांच्यातल्या कोणालाही सूत्रधार व्हावं लागणार आहे. जो प्रश्न खेळाडूला पडतो त्याचं उत्तर खेळाडूच्या पुस्तकात. सूत्रधाराकडे फक्त गुपितं, तक्ते, प्रसंग कसे उभे करायचे, आणि तू आजवर मनातल्या मनात काय काय ठरवत होतास ते. ही शेवटची गोष्ट तुझ्या ८६ पानांत कुठेच नाही. माणसं कंटाळली की तू काय करतोस? बिबट्या कधी आणतोस? हल्ला करणारा शत्रू कधी माघार घेतो? हे लिहून काढ. ते फक्त तुलाच माहीत आहे.

आता इतिहासाची ती ४० पानं. तू ती मनापासून लिहिली आहेस, मी सगळी वाचली, आणि ती फेकायची नाहीत. पण खेळताना सलग इतिहास कोणी वाचणार नाही. त्याला कामाला लाव. तू लिहिलंयस की गोंड राजा बख्त बुलंद शाहाने राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र करून १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं. अरे, बारा वाड्या! बारा बाजूंचा फासा तुमच्याकडे आहेच. बारा ओळींचा तक्ता कर. पात्रं रात्री वस्तीला कुठे पोचली ते फाशाने ठरू दे, आणि प्रत्येक ओळीत तीन गोष्टी दे: लांबून काय दिसतं, तिथे कोण भेटतं, आणि त्याला काय हवं आहे. वाड्यांचे तपशील तुझ्या कल्पनेतले असले तरी चालतील, तेवढं मात्र पुस्तकात सांगून ठेव. पुढचा गोंड राजा चांद सुलतान याच्या काळातला जुम्मा तलाव आणि नगराच्या भिंतीतले दरवाजे यांचंही तसंच कर. दरवाजा कधी बंद होतो, पहारेकरी कशाने वळतो, आत शिरायला दुसरी वाट कोणती. राजांची वंशावळ आणि मोहिमा एका वेगळ्या वहीत राहू देत. ज्याला गोडी लागेल तो ती मागून नेईल.

शेवटी सूची, आणि इथे अकारविल्हे लावच. सूची करताना मित्र बोलतात ते शब्द घे. 'बुडणं' आहेच, शिवाय 'पाण्यात पडणं', 'पूर', 'पोहणं', 'नदी', सगळ्यांपुढे तेच पान. कॉम्प्युटरने लावलेला क्रम एकदा डोळ्यांनी तपास. शाळेत आपण क्ष आणि ज्ञ शेवटी म्हणत आलो, पण कॉम्प्युटर बऱ्याचदा 'क्षमता' हा शब्द क मध्ये नेऊन टाकतो आणि शोधणारा ळ नंतर बघत बसतो.

छपाईचं थोडक्यात. आकार ए५. खेळाडूंचं पुस्तक २४ पानांत बसव: ए४ चे सहा कागद मधोमध दुमडले की झालं, दोन पिना मारल्या की संपलं. पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत हवीत. सूत्रधाराचं पुस्तक मात्र स्पायरल करून घे, म्हणजे टेबलावर उघडं ठेवलं की उघडंच राहतं. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार, तेव्हा ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेव. पिवळट जुन्या कागदाचा देखावा, कडेला वेलबुट्टी, हे काही नको. रात्री ट्यूबलाइटखाली वाचायचं आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक टाक, नाहीतर जुनी आणि नवी झेरॉक्स एकाच टेबलावर येतील आणि तुझे तीन बुडण्याचे नियम परत जिवंत होतील.

मग चाचणी. तान्हा पोळ्याला सुट्टी असते. सकाळी मारबतीची मिरवणूक बघून या, आणि दुपारी दुसऱ्या कोणालातरी सूत्रधार करून खेळायला बसा. एखादा असा जण बोलाव ज्याने हा खेळ कधी पाहिलेलाही नाही. तू त्याच खोलीत बस, पण एक शब्द बोलू नकोस. मान हलवायची नाही, हसायचं नाही. हातात वही ठेव आणि फक्त एवढं लिही: प्रश्न काय पडला, त्यांनी आधी कोणतं पान उघडलं, उत्तर शेवटी कुठे सापडलं. ज्या पानावर ते आधी गेले, नियम तिथे हलव किंवा तिथे संदर्भ टाक. त्यांचं चुकलं असं समजूच नकोस. माणसं जिथे शोधतात तीच नियमाची जागा. दसऱ्याला पुन्हा एकदा खेळा, या वेळी तू घरात नसताना.

एवढं करूनही कधीतरी असा प्रश्न येईल ज्याचं उत्तर पुस्तकात नसेल. त्यासाठी खेळाडूंच्या पुस्तकात पहिल्याच नियमात लिहून ठेव: दोन मिनिटांत नियम सापडला नाही तर सूत्रधार ठरवेल, खेळ पुढे जाईल, आणि ठरलेलं मागच्या कोऱ्या पानावर तारखेसह लिहिलं जाईल. अशी चार कोरी पानं मुद्दाम ठेव. आणि पुण्याला जाताना छापील प्रतींबरोबर मूळ फाईलही त्यांना देऊन जा, बदल करण्याच्या परवानगीसकट. पुढची आवृत्ती कोणी काढायची ते त्यांच्यात आताच ठरवून घ्या. दिवाळीला अजून वेळ आहे, तेवढ्यात त्याला तुझ्याबरोबर बसवून एक प्रकरण त्याच्याच हाताने लिहून घे.

तुझी,
ताई